अण्णांचा खड्डा

राजारामपुरीत आमच्या अण्णांचे गुलाब बघायला लोक मुद्दाम वाट वाकडी करून यायचे. फाटकातूनच "वा, यज्ञेश्वरराव, वा!" सुरू व्हायचं. मग अण्णा त्यांना परसात नेऊन खड्डा दाखवायचे. कमरेइतका खोल, कडेनं विटा रचलेल्या. तळाला पालापाचोळा, त्यावर स्वयंपाकघरातला कचरा, त्यावर शेजारच्या पिराजीच्या घोड्याची लीद पाण्यात कालवून, आणि वर मूठमूठ माती. "घरातला एक कण बाहेर जात नाही," अण्णा सांगायचे, "सगळ्याचं सोनं होतं." लोक माना डोलवायचे. मला त्या लोकांचा अस्सा राग यायचा म्हणून सांगू!

कारण त्या खड्ड्यापायी माझी आई मार खात होती.

अण्णा कचेरीतून आले की पायसुद्धा न धुता थेट परसात जायचे. पेरूच्या झाडाला टेकवलेला लोखंडी गज घ्यायचा आणि दिवसभराचा कचरा उलथायचा. ते येऊन बघेपर्यंत त्यावर माती टाकायची नाही, असा घरचा कायदा होता. बटाट्याची साल उचलून ते उजेडाकडे धरायचे. जाड निघाली की हाक यायची, "विमल!" आई पदराला हात पुसत बाहेर यायची आणि अण्णा तो गज तिच्या पाठीत घालायचे. पोळीचा तुकडा सापडला की एक तडाखा, विटलेली भाजी सापडली की चार. आईच्या डाव्या हाताची करंगळी कायमची वाकडी झाली ती मूठभर भातापायी. दुष्काळाचं साल होतं, रेशनवर मिलो नावाची परदेशी लाल ज्वारी मिळत होती, त्यामुळे अण्णांच्या हाताला देशभक्तीचं निमित्तही सापडलं होतं. "तिकडं माणसं खडी फोडायला जातायत आणि तू अन्न टाकतेस?" असं म्हणत ते मारायचे. मी मध्ये पडले की मलाही बसायची. कॉलेजात जायला लागले तरी बसायची.

आई मग शिकली. दोडक्याच्या शिरा, दुधीच्या साली, कोबीचे दांडे, सगळ्याची चटणी व्हायला लागली. गल्लीतल्या बायका तिला कृती विचारायच्या आणि ती हसून सांगायची. करपलेली भाकरी ती खायची, आंबूस झालेलं वरण ती प्यायची. जे खड्ड्यात सापडायला नको ते सगळं ती गुपचूप पोटात घालायची. मला हे दिसत होतं. मी ओरडले की ती म्हणायची, "नंदू, गजापेक्षा हे बरं."

त्या मे महिन्यात मटकीची उसळ विटली. सकाळी भांडं उघडलं तर तार सुटलेली, वर फेस. मी कॉलेजातून पेपर देऊन आले तेव्हा भांडं घासून पालथं घातलेलं होतं आणि आई न्हाणीघरात आडवी पडलेली होती. उलट्यांनी तोंड निळं पडलं होतं, डोळे फिरले होते, हातपाय वळत होते. मी कुंपणावरून किंचाळले. पिराजीनं घोडा जोडला, त्याच्या बायकोनं, झुंबरबाईनं, आईला एकटीनं उचलून टांग्यात घातलं.

दवाखान्यात आईला सलाइन लावलं. डॉक्टर तरुण होता. त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, काय खाल्लं होतं. मी सांगितलं. त्याला आधी पटेचना. मग म्हणाला, "आतडी सोलवटल्यागत झालीत. पुन्हा असलं काही पोटात गेलं तर ही बाई वाचायची नाही. घरच्यांना नीट सांग." अण्णा आले तेव्हा मी हे त्यांना शब्दन् शब्द ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे एवढी उसळ तिनं करूनच का ठेवली?"

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली, की तिथंच त्यांचा गळा धरावासा वाटला.

आई घरी आली तेव्हा तिच्या अंगात उभं राहायचंही बळ नव्हतं. मागच्या पडवीत तिची खाट टाकली होती. भूक मेली होती, पाण्याचासुद्धा तिला वास यायचा. दुपारी झुंबरबाई पदराखाली पिशवी घेऊन आली. पिशवीत मोसंबी होती.

"खावा की वैनी, त्वांड कडू झालं आसंल." तिनं स्वतः सोलून एकेक फोड आईच्या ओठाला लावली. आई चोखत राहिली. रस हनुवटीवरून ओघळला तरी तिचं लक्ष नव्हतं. मग तिनं स्वतःच हात पुढं केला आणि म्हणाली, "आणखी एक द्या." कितीतरी दिवसांत तिनं स्वतःसाठी काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. मला रडू फुटलं.

झुंबरबाई उठली आणि साली घेऊन खड्ड्याकडे निघाली. मी तिचा हात धरला. मोसंबी-लिंबाची साल खड्ड्यात चालत नाही, खत आंबट होतं, असा अण्णांचा दंडक होता, आणि सापडली तर काय होईल हे मला ठाऊक होतं.

"सापडूं दे," झुंबरबाई म्हणाली, "बगूं दे की त्येला. बायकूनं मोसंबी खाल्ली म्हणून कुटं आबाळ फाटतंय?" आणि तिनं साली टाकल्या. मी त्या उचलणार, तेवढ्यात आई खाटेवरून म्हणाली, "राहू दे, नंदू." म्हणून राहू दिल्या.

संध्याकाळी अण्णा आले. फाटक वाजलं, चपला वाजल्या, गज विटेवर वाजला.

"मोसंबी कुणी आणली?"

अण्णा पडवीत आले. गजाच्या टोकाला साल अडकली होती, ती त्यांनी आईच्या तोंडापुढं नाचवली. "कोण आलं होतं घरात? लोकांकडून भिकाऱ्यासारखं मागून खातेस? आणि वर माझं खत नासवतेस?"

"अण्णा, डॉक्टर काय म्हणाले ते विसरलात?" मी म्हणाले.

त्यांनी माझ्या कानशिलात अशी ठेवून दिली, की मी खांबावर आदळले आणि ओठ फाटला. मग त्यांनी खाटेखालची पिशवी ओढली. तिच्यात उरलेली मोसंबी होती. ते ती घेऊन खड्ड्याशी गेले, पिशवी पालथी केली आणि गजानं ती मोसंबी एकेक करून चेचायला लागले. चांगली, पिवळीधमक, सगळी. जो माणूस बटाट्याची साल उजेडात धरून बघायचा, तो चांगली मोसंबी कचऱ्यात चेचत होता! रस त्यांच्या पायजम्यावर उडत होता. तोंडानं शिव्या चालू होत्या.

मी रक्त पुसत उठले तेव्हा खाट रिकामी होती.

आई भिंतीला धरून धरून परसात पोचली होती. न्हाणीघराच्या कोपऱ्यात फावडं असायचं, ते तिच्या हातात होतं. अण्णांनी तिला पाहिलं आणि गज उगारला. "आत हो!"

"ती माझी मोसंबी होती," आई म्हणाली.

आणि तिनं फावडं घातलं. पात्याची कड अण्णांच्या उजव्या हातावर, मनगटाच्या वर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी पडवीतून ऐकला. गज खाली पडला. अण्णा बोंबलले, वाकले, आणि आईनं दुसरा घाव नडगीवर घातला. ते विटांवरून तोल जाऊन खड्ड्यात पडले, पाठीवर, लिदीत आणि सालींत. हात भलत्याच बाजूला वाकला होता. आईनं फावडं तिसऱ्यांदा उचललं, डोक्याच्याही वर. तिचं लुगडं सुटत आलं होतं. अण्णा खालून तिच्याकडे बघत होते.

गल्लीत पुढं लोक म्हणाले, लेकीला मारलं म्हणून विमलबाईंच्या अंगात आलं. साफ खोटं. माझा फाटलेला ओठ तिनं पाहिलासुद्धा नव्हता. ती स्वतःसाठी उठली होती, आणि मला त्याचंच बरं वाटलं.

"आई!" मी ओरडले. थांब म्हणून की घाल म्हणून, ते मला आजही सांगता यायचं नाही.

तिनं फावडं खाली ठेवलं. खड्ड्याच्या काठाला एक मोसंबी साबूत राहिली होती, ती उचलली, पदरानं पुसली आणि विटांवर बसून सोलायला लागली. अण्णा कण्हत होते. तिनं निम्मी खाल्ली, मग मला म्हणाली, "पिराजीभाऊंना टांगा जोडायला सांग."

दवाखान्यात तोच तरुण डॉक्टर होता. त्यानं हात बघितला, पाय बघितला. "कसं झालं हे?"

"घसरलो," अण्णा घाईनं म्हणाले, "खड्ड्यात पडलो."

"घसरले नाहीत," आई म्हणाली, "मी फावड्यानं मारलं."

डॉक्टरनं मान वर केली. आईच्या हातावर सलाइनचा काळानिळा डाग तसाच होता. बाकांवरची माणसं वळून बघायला लागली. दारात पिराजी उभा होता, तो टोपी हातात घेऊन जमिनीकडे बघायला लागला.

"बाई, काय बोलताय?"

"खरं तेच सांगतेय. गज उगारला तर पुन्हा मारीन."

अण्णांनी मान भिंतीकडे वळवली. एरवी आईनं आमटीत मीठ कमी घातलं तर चार घरांना ऐकू जाईल असा त्यांचा आवाज. डॉक्टर आईकडे बघत राहिला, मग माझ्या ओठाकडे, आणि त्यानं पुढं काही विचारलं नाही. हाताला प्लॅस्टर घातलं, नडगीला पट्टी बांधली.

"यांना आता घरी न्या," तो म्हणाला. "हात बरा होईपर्यंत यांचं सगळं तुम्हालाच करावं लागणार. जेवणसुद्धा भरवावं लागेल."

"भरवीन की," आई म्हणाली.

अण्णांनी डाव्या हातानं डॉक्टरची बाही पकडली. बोटं पांढरी पडेपर्यंत घट्ट पकडली.

"डॉक्टर," ते म्हणाले, "आजच्या दिवस मला इथंच राहू द्या."

आईनं ते ऐकलं. तिनं त्यांच्या प्लॅस्टरच्या हाताची झोळी नीट केली आणि पिराजीला म्हणाली, "भाऊ, टांगा अगदी दाराशी आणा. यांना चालवणार नाही."