लाल अनुस्वार

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीतला एक जुना दिवा आहे. दिवा म्हणायचे तेही संकोचाने. माझा आकार वाटाण्याएवढा, आणि आयुष्यातले बहुतेक तास मी विझलेल्या अवस्थेतच काढलेले. वेगाच्या तबकडीच्या खालच्या कोपऱ्यात, एका लाल काचेमागे, माझी जागा होती. काचेवर बॅटरीचे इवलेसे चित्र होते. माझ्याबरोबर आणखी सहा दिवे होते. त्यांतले चार तबकड्या उजळत, आणि त्यांच्या उजेडात वेगाचे, पेट्रोलचे काटे दिसत. माझ्या उजेडात कधी काही दिसले नाही.

माझा जन्म एका लांबलचक टेबलापाशी झाला. तिथे बसलेल्या बाईने चिमट्याने केसाहून बारीक तार माझ्यात बसवली, मग आतली हवा ओढून घेतली गेली आणि काच वितळवून मला कायमचे मिटवण्यात आले. श्वास काढून घेऊन ज्याची सुरुवात होते, त्याने आयुष्याकडून फार मागू नये, असे मला तेव्हापासूनच वाटत आले आहे.

माझे काम थोडके होते. किल्ली अर्धी फिरली की मी लागायचो. पूर्ण फिरून इंजिन धडधडू लागले की मी विझायचो. माझे विझणे हीच चांगली बातमी असे. पण एक गोष्ट लोकांना ठाऊक नव्हती. त्या क्षणभराच्या लागण्यात माझ्या तारेतून थोडीशी वीज पुढे डायनामोकडे जाई, त्या पहिल्या घोटावर तो जागा होई आणि मग वाटभर बॅटरी भरत राही. हे मला माहीत होते आणि डायनामोला माहीत होते. तिसऱ्या कोणाला सांगण्याची वेळ कधी आली नव्हती.

आमच्या गाडीचे मालक छापखान्यात मुद्रिते तपासत. तिथे त्यांना सगळे ‘कानामात्रा’ म्हणत, आणि ते नाव त्यांना मनापासून आवडे. लाल शाईची लेखणी घेऊन ते ओळीओळीतून असे फिरत, की सुटलेली वेलांटी आपणहून पुढे यावी. “एक टिंब सुटलं की ‘रंग’चा ‘रग’ होतो,” ते म्हणत, “आणि मग लेखकाची रग मला सोसावी लागते.” पहिल्यांदा मला पाहिले तेव्हा ते बायकोला म्हणाले होते, “हा बघ, आपल्या गाडीचा अनुस्वार. लाल शाईतला.”

त्यांची एक लकब होती. घरात पाऊल टाकताच, चपला काढायच्याही आधी, ते आतल्या दिशेला विचारत, “आहेस ना?” आतून उत्तर येई, “जाते कुठे!” इतक्या वर्षांत त्या प्रश्नाला दुसरे उत्तर मिळाले नव्हते. तीच लकब गाडीतही आली. किल्ली अर्धी फिरवून ते थांबत, माझ्याकडे पाहत आणि विचारत, “आहेस ना?” मी लाल होई. मगच ते गाडी सुरू करीत.

“अहो, मला विचारता तेच त्या दिव्याला?” शेजारच्या आसनावरून मालकीणबाई म्हणत. “सवत आणलीत की काय?”

“सवत असती तर बोलली असती. ही नुसती लाजते.”

मागच्या आसनावरची लहानगी मुलगी खदखदून हसायची. एकदा भर रस्त्यात डायनामो फिरवणारा इंजिनाचा पट्टा तुटला आणि मी अवेळी लागलो. मालकांनी ताबडतोब गाडी कडेला घेतली, काचेवर बोट टेकवले आणि म्हणाले, “शाबास.” मित्रांनो, माझे कौतुक म्हणून जे काही झाले, ते एवढेच. मला ते जन्मभर पुरले.

वर्षे गेली. माझ्या भावंडांच्या काचा काजळल्या. तबकड्यांवरचा हिरवा उजेड जुन्या विहिरीतल्या पाण्यासारखा झाला. मालक निवृत्त झाले. मग एके सकाळी बाईंचे अर्धे अंग लुळे पडले, आणि काही महिन्यांनी त्यांना चाळीस किलोमीटरवरच्या शुश्रूषागृहात ठेवावे लागले. भेटीची वेळ चार ते सहा. तिकडची बस पोहोचायची सहाला, म्हणजे फाटक लागताना. तेव्हा मालक एक दिवसाआड आमच्या गाडीतूनच जात. बाईंचे बोलणे जवळजवळ थांबले होते. पण दारातून मालकांनी “आहेस ना?” म्हटले, की त्या चादरीवरचे उजव्या हाताचे बोट उचलायच्या. परतताना ते मला सांगत, “आज दोनदा उचललं.” मी विझलेला असे, तरी ऐकत असे.

आता त्यांच्या डोळ्यांविषयी सांगायला हवे. डोळ्यांच्या मागची शीर हळूहळू सुकत चालली होती. मुलगी चष्म्याच्या दुकानात भिंगे घासून बसवायची. तिला हे दुखणे चांगले समजत होते. एकदा गाडीतच ती त्यांना म्हणाली, “डॉक्टर काय म्हणाले ते लक्षात आहे ना, बाबा? यात लाल रंग सगळ्यात आधी विटतो. ज्या दिवशी लाल दिसेनासा होईल, त्या दिवशी मला सांगायचं.”

“आणि सांगितलं की?”

“की किल्ली माझ्याकडे.”

“आणि तुझ्या आईकडे कोण जाईल? दुकानातून तुला चारला सोडणार आहेत?”

त्या दोघांमधला हा करार मी लाल काचेमागून ऐकला. त्यात माझेच नाव आहे, हे मला तेव्हा कळले नाही.

तबकड्या त्यांना नीट दिसत नाहीत, हे मुलीने हेरले होते. एका रविवारी दुपारी ती सात एलईडी घेऊन आली. तिने डॅशबोर्डचे स्क्रू काढले, तबकड्यांची चौकट पुढे ओढली आणि आम्हां सातही जणांना चिमटीने फिरवून बाहेर काढले. तिची बोटे सवयीची आणि हळुवार होती. मला राग आला नाही. वडिलांना रस्ता दिसावा म्हणून ती हे करीत होती. माझी जागा त्यासाठी गेली, तर जाऊ दे.

नवे दिवे बसवून तिने किल्ली एका दमात फिरवली. अर्ध्यावर थांबण्याची सवय तिची नव्हती. इंजिन सुरू झाले. दोन तबकड्या अंधारातच राहिल्या.

“यांना उलटं-सुलटं असतं, बाबा. उलटी बसली की एलईडी लागत नाही.”

“माणसासारखंच म्हणायचं.”

तिने हसत त्या दोन फिरवून बसवल्या. तबकड्या लख्ख पांढऱ्या झाल्या.

“अगं, हा तर दवाखाना झाला!” मालक म्हणाले. “आणि हे कोपऱ्यातले? हे नाही लागले ते?”

“ते इशाऱ्याचे. इंजिन चालू असताना ते विझलेलेच हवेत.”

बरोबर होते ते. माझ्या जागी बसलेली एलईडी विझलेली होती, आणि तिने विझलेलेच असायला हवे होते. ती उलटी बसली आहे, हे त्या घटकेला जगात फक्त मला दिसत होते.

मुलगी आम्हांला फेकणार होती. “असू देत गं,” मालक म्हणाले. तिने चष्म्याच्या स्क्रूंची एक रिकामी डबी काढली, त्यात आम्हां सातांना ठेवले आणि डबी डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकली. माझ्या जुन्या जागेपासून ती दोन हातांवर होती. कप्प्याचे झाकण नीट लागत नसे, आणि त्या फटीतून, डबीच्या पातळ प्लॅस्टिकमधून, मला बाहेरचे दिसे.

सोमवारी मालक गाडीत बसले. किल्ली अर्धी फिरली. मी डबीच्या अंधारात ताठ झालो.

“आहेस ना?”

उत्तर गेले नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. किल्ली मागे घेऊन परत अर्धी फिरवली. “आहेस ना?” या वेळी आवाज इतका हलका होता, की तो प्रश्न त्यांनी मला विचारला की स्वतःच्या डोळ्यांना, ते मला ठरवता येईना. तेलाचा पिवळा दिवा त्यांना दिसत होता. लाल तेवढा दिसत नव्हता. नवी कोरी एलईडी लागत नसेल, हे त्यांच्या मनातही आले नाही. ती त्यांच्या मुलीने बसवली होती. जन्मभर दुसऱ्यांच्या पानांवरचे सुटलेले टिंब शोधणाऱ्या माणसाने या पानावर चूक स्वतःच्या नावे मांडली आणि गप्प राहून गाडी सुरू केली.

मित्रांनो, मी डबीत ओरडू शकलो असतो तर!

त्या दिवसापासून डायनामोला पहिला घोट मिळाला नाही. तो फिरत राहिला, पण झोपेत. बॅटरी आपल्या साठ्यातून देत राहिली. बुधवारी परतताना धुके होते. हेडलाइट लागले, आणि थोड्याच वेळात त्यांचा उजेड पिवळा पडू लागला. नव्या दिव्यांच्या तबकड्या मात्र तशाच लख्ख होत्या. सगळे आकडे स्पष्ट, आणि पुढचा रस्ता क्षणाक्षणाला विझत चाललेला. मालक पुढे झुकून, डोळे बारीक करून गाडी हाकत होते. “इतक्यात नको,” ते पुटपुटले. “जरा थांबा. तिचं आटोपेपर्यंत तरी.” ते डोळ्यांशी बोलत होते.

घरापाशी पोहोचल्यावर मुलीचा फोन आला, तेव्हा ते अजून गाडीतच होते. “दिसलं ना सगळं नीट, बाबा?”

“लख्ख,” ते म्हणाले. “छापल्यासारखं.”

गुरुवारी दुपारी शुश्रूषागृहातून फोन आला: या, आजच या. मुलगी दुकानातून मिळेल त्या वाहनाने निघाली. मालक गाडीत बसले. त्या दिवशी ते अर्ध्यावर थांबले नाहीत, मला काही विचारले नाही. इंजिन कण्हत कण्हत कसेबसे उठले. धुके दाट होते. हेडलाइट, वायपर, सारे त्या दमलेल्या बॅटरीच्या जिवावर चालले होते. तिसाव्या किलोमीटरला, एका पुलाच्या अलीकडे, इंजिनाने दोन आचके दिले आणि ते थांबले. मग वायपर काचेच्या मध्यावर थांबले.

किल्ली फिरत राहिली. नुसता टकटक आवाज. सायकलवरून जाणाऱ्या दोघांनी गाडीला धक्का दिला, बराच लांब ढकलली. “काका, गिअर टाका! आता!” काही झाले नाही. त्यांतला एक जण दुसरी गाडी शोधायला पुढे गेला. फोन वाजला.

“बाबा, कुठे आहात? मी पोहोचलेय.”

“पुलापाशी. बंद पडली. येतोय मी, कोणीतरी मिळेल. ती... विचारतेय का?”

“दाराकडे बघतेय. फोन कानाशी धरते तिच्या. बोला.”

मालकांनी फोन दोन्ही हातांनी धरला. “आहेस ना?” ते म्हणाले. मग थोडे थांबून, “अगं, आलोच. आहेस ना?”

पलीकडे फक्त श्वास ऐकू येत होता. बोट उचलले गेले असेल. फोनवरून ते कसे दिसणार?

अर्धा तास गेला. एक टेम्पो धुक्यातून येऊन थांबला, सायकलवाला हात हलवत होता. मालकांनी दार उघडले, एक पाय खाली ठेवला, आणि तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. मुलगी म्हणाली, “बाबा, आता घाई करू नका.”

त्यांनी पाय पुन्हा आत घेतला.

दहा-बारा दिवसांनी गाडी एका वायरिंगवाल्याकडे ओढून नेली. बापलेक दोघेही आले होते. वायरिंगवाल्याने तबकड्यांची चौकट पुढे ओढली, आणि कोपऱ्यातली एलईडी पाहून त्याचा हात थांबला.

“हिला कोणी हात लावला, ताई?”

“मी. का?”

“हा नुसता दिवा नसतो हो. याच्या तारेतून वीज जाते तेव्हा डायनामो उठतो. एलईडीतून तेवढी जातच नाही. त्यात ही उलटी बसलीये. सुलटी असती, तर निदान लागून राहिली असती. कळलं तरी असतं.”

ज्या बोटांनी मुलीने मला काढले होते, ती बोटे तिने ओढणीत लपवली. स्टुलावर बसलेले मालक म्हणाले, “ती लागत नव्हती, हे मी पाहिलं होतं. सोमवारीच. मला वाटलं, लाल गेला.”

“मग बोलला का नाहीत, बाबा?”

“किल्ली मागितली असतीस.”

“मागितली असती,” ती म्हणाली. “आणि गुरुवारी मी तुम्हाला दुसऱ्या गाडीतून नेलं असतं. माझ्याबरोबर.”

गॅरेजात एक पाना खाली पडला, तो कोणी उचलला नाही.

मुलीने कप्प्यातून काढून दिलेली डबी उघडून वायरिंगवाल्याने मला निवडले, जुन्या जागी बसवले आणि भरलेली बॅटरी जोडली. किल्ली अर्धी फिरवली. मी माझ्यात होता तेवढा सगळा लाल झालो.

“दिसतोय का, काका?”

मालक झुकले. बराच वेळ पाहत राहिले. “दिसतोय,” ते म्हणाले. “चांगला दिसतोय.” आणि मग ते रडले. आपले डोळे अजून शाबूत आहेत म्हणून रडलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

आता गाडी मुलगी चालवते. मालक बाईंच्या आसनावर बसतात. ती किल्ली अर्धी फिरवून थांबते, त्यांच्याकडे बघते. ते खिडकीबाहेर बघत असतात. मी लागतो. कोणी काही विचारत नाही. तरी मी दर वेळी तेवढाच लाल होतो आणि मग विझतो.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोपऱ्यात कोणीतरी गप्प असेल, ज्याचे काम तुम्हांला कधी दिसले नसेल. त्याला जागेवरून हलवण्याआधी एकदा विचारा, तू काय करतोस? आणि जिथून रोज उत्तर येते, तिथून एखाद्या दिवशी ते आले नाही, तर आपलेच डोळे गेले असे समजून मुकाट्याने पुढे निघू नका. मोठ्याने सांगा, मला दिसले नाही. ते ऐकायला कोणीतरी जवळ असते, आणि उत्तर देणारा कदाचित दोन हातांवरच, एखाद्या डबीच्या अंधारात, तुमचा प्रश्न ऐकत पडलेला असतो.