पाणपोई पिऊन टाकणारं झाकण

मित्रांनो, मी एक जुनं झाकण आहे. डब्याचं नाही, बरणीचं नाही, जीपच्या रेडिएटरचं. आपली कहाणी सांगताना सगळे छाती पुढे काढतात. माझी मात्र मान खाली आहे. तरी सांगतो, कारण आता मनात ठेववत नाही.

कारखान्यात पत्रा दाबून मला घडवलं, पोटात स्प्रिंग बसवली आणि तिच्या खाली काळ्या रबराची चकती लावली. इंजिन तापलं की रेडिएटरातलं पाणी उसळू पाहतं. ते दाबून धरायचं, वाफ निसटू द्यायची नाही, एवढंच माझं काम. आकारानं मूठभर, पण माझ्यावाचून गाडी धड चार कोस जायची नाही. याचा मला भारी तोरा होता!

गडचिरोलीच्या इब्राहीमभाईंच्या काळ्या-पिवळ्या जीपवर माझी नेमणूक झाली. गडचिरोली ते धानोरा, दिवसाला दोन फेऱ्या. आत दहा माणसं, मागे लटकलेली चार, टपावर पोती. इब्राहीमभाई रोज काच पुसायचे, आरसा लखलखीत करायचे. पण बॉनेटखाली कोण डोकावतो? सहा वर्षं मी इमानानं राबलो. मग माझं रबर कडक झालं, त्याला भेगा पडल्या, वाफ निसटू लागली आणि पाणी कमी पडू लागलं.

मेकॅनिक प्रफुलनं मला बोटानं चाचपलं. "इब्राहीमभाई, याचं रबर पार गेलं जी. नवा ढक्कन टाका."

"अरे, काऊन खर्चात पाडून राह्यला? रस्त्यात पाणी भेटते ना!"

"पाणी भेटते म्हनून गाडी सुधरत नाई."

"पुढच्या खेपेले पाहू."

ती पुढची खेप दोन वर्षं उजाडली नाही. आणि खरं सांगू? मला बरंच वाटलं. नवं झाकण आलं की मी भंगारात जाणार, ही धास्ती होती ना! लाज वाटते, पण हे असं आहे.

रस्त्यातलं पाणी म्हणजे कांताबाईंची पाणपोई. धानोऱ्याच्या अलीकडे एका फाट्यावर त्या दर वर्षी चौदा एप्रिलला, भीमजयंतीच्या दिवशी, झाडाखाली तीन माठ मांडायच्या. वर निळं कापड बांधलेलं. "कोनीबी या, आपल्या हातानं घ्या," असं त्या मोठ्या मानानं सांगायच्या.

इब्राहीमभाई तिथे गाडी थांबवायचे. "बाई, गाडीले पाणी पाह्यजे."

"घ्या ना भाऊ. गाडी असो का मानूस, तहान तं तहानच."

जाताना एक डबा, येताना एक. मे महिना लागला की दोन-दोन. इब्राहीमभाई मनानं वाईट नव्हते हो. म्हाताऱ्या माणसांना फुकट बसवून न्यायचे. फक्त हे पाणी येतं कुठून, असं त्यांनी कधी विचारलं नाही.

अठ्ठ्याण्णवचा मे होता, भर दुपार. मी फुसफुसत होतो. गाडी जराशी निवल्यावर इब्राहीमभाईंनी हाताला फडकं गुंडाळून मला हळूच फिरवून काढलं आणि शेवटच्या माठातलं पाणी रेडिएटरात ओतून मला परत बसवलं. तेवढ्यात तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाया जंगलातून आल्या. पहाटेपासून उन्हात होत्या बिचाऱ्या. पुढे सोमारी, साठीची. तिनं डोक्यावरचं गाठोडं टाकलं आणि ओंजळ पुढे केली. कांताबाईंनी माठात गिलास घातला, तो बुडाला नुसता खरवडला. दुसऱ्यात घातला, तिसऱ्यात घातला.

"पानी दे वं," असं म्हणत सोमारी तिथेच खाली कोसळली.

कांताबाईंचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी जीपकडे पाहिलंसुद्धा नाही. "माह्यी पानपोई अन् पानी नाई! मले माफ कर माय," असं त्या सोमारीचं डोकं मांडीवर घेऊन म्हणत राहिल्या. शरमेनं मरायचं मी, आणि माफी मागत होत्या त्या!

पाणी होतं, मित्रांनो. माझ्याखाली काठोकाठ होतं. पण कढत, तेलकट, गंजानं तांबडं. वैऱ्यालाही पाजू नये असं.

"बाई, पाणी कुठून आनता?" इब्राहीमभाईंनी घाबऱ्या घाबऱ्या विचारलं.

"नाल्यातून."

प्रवाशांना झाडाखाली उतरवून इब्राहीमभाईंनी सोमारीला आणि सोबत कांताबाईंना गाडीत घेतलं आणि बैलगाडीच्या वाटेनं नाल्याच्या काठापर्यंत नेलं. इंजिन निवावं म्हणून बॉनेट उघडून ठेवलं, म्हणून मला सगळं दिसलं. नाला कोरडा ठक्क. वाळूत हातभर खणलेला एक झिरा, तळाशी वाटीभर पाणी. कांताबाईंनी वाटी वाटी करून सोमारीला पाजलं. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले. "आनखी दे," म्हणाली. हुश्श!

मग इब्राहीमभाई स्वतः डबा भरायला बसले. एक वाटी काढायची आणि पुन्हा पाझरायची वाट बघायची. एक डबा भरायला अर्धा तास लागला. असे डबेच्या डबे मी धानोऱ्यापर्यंत वाफ करून उडवत आलो होतो.

"बाई, मी रोज एवढं पाणी नेऊन राह्यलो, तुमी कधी 'नाई' काऊन नाई म्हनलं?"

"कसं म्हनू भाऊ? पानपोई हाये ना."

दुसऱ्याच दिवशी इब्राहीमभाईंनी प्रफुलकडून नवं झाकण बसवून घेतलं. मला स्टिअरिंगशेजारच्या खणात टाकलं, अडीअडचणीला असावं म्हणून. त्या खणाला दार नव्हतं, म्हणून पुढचं मी पाहिलं आणि ऐकलंही.

गाडी फाट्यावर थांबली. कांताबाई पानानं झाकलेला डबा घेऊन लगबगीनं आल्या. "तुमच्या गाडीचं येगळं काढून ठेवलं भाऊ. परत कोनाचं तोंड सुकू नये म्हनून सकाळी एक खेप जास्तीची केली."

"गाडीले आता नाई लागत बाई."

"काऊन? सुधरली?"

"हो. एक ढक्कन खराब होता. बदलला."

"एवढंच होतं?" कांताबाईंनी साधेपणानं विचारलं.

त्यांच्या आवाजात राग असता तर मला सोसला असता. इब्राहीमभाईंनी तो डबा घेतला आणि माठात रिकामा केला.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल तर ती पुरती थंड झाल्यावर मोठ्यांना झाकण उघडायला सांगा. रबराला चीर दिसली तर त्याच दिवशी बदला. माझ्यासारख्या जुन्या झाकणाची कीव करू नका. आपलं गळणं आपण थांबवलं नाही, तर ते भरून काढायला कोणीतरी वाळूत गुडघे टेकून बसलेलं असतं.