जोडचित्रातलं दुसरं जहाज

कप्तानानं आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. पण गोदामावरच्या त्या लांबट खोलीत जुन्या आरमारी लढायांच्या चित्रांच्या नकला हातानं रंगवल्या जायच्या, आणि तिथलं प्रत्येक लढाऊ जहाज त्याच्याच हातून उतरायचं, म्हणून तो कप्तान. कामाची रीत ठरलेली होती. आधी आभाळवाला आभाळ आणि तोफांचा धूर रंगवणार, मग कप्तानाची मुलगी पाणी रंगवणार, आणि सगळ्यात शेवटी जहाज. खिडकीजवळची खुर्ची जहाजवाल्याची. पाणीवालीला स्टूल, तेही डुगडुगणारं.

मुलीला ती खुर्ची हवी होती. उगाच आडपडदा कशाला, त्या खुर्चीपायी तिचा जीव नुसता टांगणीला लागला होता. घरी स्वयंपाक उरकला की ती जुन्या पुठ्ठ्यांवर डोलकाठ्या आणि दोर गिरवत बसायची. एकदा मोठा धीर करून तिनं त्यातलं एक जहाज कामावर आणलं. कप्तानानं ते घेतलं, उलटं धरलं आणि सगळ्यांना दाखवलं.

"ओळखा बघू, काय आहे?"

"टोपली!" आभाळवाला म्हणाला.

"फाटकी टोपली," कप्तान म्हणाला, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. त्या दिवसापासून तिचं नाव टोपली पडलं. सख्खा बाप सगळ्यांत आधी त्याच नावानं हाक मारायचा.

त्याच टोपलीला एक गोष्ट ठाऊक होती. कप्तानाची नजर अधू होत चालली होती. त्यानं ओढलेले दोर मध्येच तुटायचे, हवेत लोंबकळायचे. जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाली की ती खुर्चीच्या कडेवर टेकायची, त्याचाच बारीक कुंचला घ्यायची आणि दोर जोडून टाकायची. वर्षभर हे चाललं. बापावरच्या मायेनं? असेलही थोडी. पण बापाची खुर्ची गेली तर ती बाहेरचाच कुणी बळकावेल, ही धास्ती मायेपेक्षा मोठी होती.

मग एका हॉटेलचं काम आलं. जिन्याच्या दोन्ही बाजूंना दोन चित्रं हवी होती, जहाजं एकमेकांकडे तोंड करून. म्हणजे दुसरं चित्र आरशातल्यासारखं उलटं. चित्रशाळेच्या मालकानं नमुना उलटा छापून आणला आणि जहाजाचं नुसतं धूड कॅनव्हासवर आखून दिलं. नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, आता उजवीकडे होती. आभाळवाल्यानं धूर उजवीकडे नेला, मुलीनं लाटा उजवीकडे लोटल्या. शिडं आणि दोर मात्र कधीच आखून दिले जात नसत, ते हाताचं काम.

"शिडं काय, मी डोळे मिटून भरतो," कप्तान नेहमी म्हणायचा. आणि नेमकं तेच झालं. हाताला सवय डावीकडची, शिडं डावीकडे फुगली.

तिनं पहिल्याच फटकाऱ्याला ते पाहिलं. 'बाबा, उलट होतंय' एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आलाही होता. तेवढ्यात तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "टोपले, पाणी तरी ओलं दिसू दे. की तेही मीच शिकवू?" खोली हसली. तिनं तोंड मिटलं. दुपारी खोली रिकामी झाली तेव्हा ती स्टुलावर बसून त्या शिडांकडे बघत निवांत जेवली. जागची हलली नाही.

दुसऱ्या दिवशी मालक आला, चित्रासमोर उभा राहिला आणि त्यानं सगळ्यांना जवळ बोलावलं.

"कप्तान, वारा कुठून येतोय?"

"मागून. दुसरीकडून कुठून येणार?"

"मग धूर पुढं चाललाय आणि शिडं मागं फुगलीत, ते कसं? तुमचं जहाज शत्रूला घाबरून मागच्या पावली पळतंय की काय?"

हशा पिकला. कप्तान चित्राकडे वाकला. वाकता वाकता इतका जवळ गेला की नाकाला पिवळा रंग लागला. आणखी हशा झाला. मग एकेकाच्या डोक्यात प्रकाश पडत गेला, आणि हसणं थांबलं.

"दिसत नाही तुम्हाला," मालक म्हणाला. "मग आधीची जहाजं कशी काय धड निघाली?"

"ती हिनं सुधारली. रोज दुपारी," कप्तान म्हणाला.

मुलगी त्याच्याकडे वळली. "तुम्हाला माहीत होतं?"

"जेवून आलो की खुर्ची गरम असायची."

"मग सगळ्यांसमोर टोपली टोपली का करायचात?"

"तुला नावाजलं असतं तर लोकांना संशय आला असता. आणि बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू? काल शिडं भरून झाल्यावर परत बघितलंसुद्धा नाही मी. म्हटलं, ही बघेल."

मालकाला या बापलेकीच्या रडगाण्याशी देणंघेणं नव्हतं. "आजपासून जहाजं ही करेल," तो म्हणाला. "तुम्ही आता घरी आराम करा."

कप्तानानं खुर्चीची पाठ घट्ट धरली. "मी पाणी करतो की! पाण्याला काय डोळे लागतात? स्टुलावर बसेन. कुणाला त्रास नाही द्यायचो."

त्याला असं गयावया करताना कुणी कधी पाहिलं नव्हतं. मालकानं खांदे उडवले. "हिला विचारा. जहाज हिचं, तर पाणी कुणाचं हवं ते हिनं ठरवावं."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. कप्तानही बघत होता, पण तिच्या जरा डावीकडे, जिथं ती नव्हती. तिला त्याची दया आली. खरंच आली.

"पाण्यालाही डोळे लागतात, बाबा," ती म्हणाली.

आभाळवाल्यानं त्याला दंडाला धरून जिना उतरवला. ती खुर्चीत बसली. दिवे लागायच्या आत तिनं सगळी शिडं खरवडून उजवीकडे फुगवली, आणि मालक दोनदा "वा" म्हणाला.

घरी ती दोघंच राहायची. रात्री तिनं वाढलं. तो चार घास जेवला, त्याला ठसका लागला, आणि तो पाण्याचा पेला चाचपायला लागला. आधी इकडे, मग तिकडे. पेला कुठल्या बाजूला ठेवलाय, ते तिनं सांगितलं नाही.