बॅग आहे, बाई कुठे?

मी बोलतेय, पलंगाखालची निळी बॅग. दचकू नका. आम्हा बॅगांचं तोंड मोठं असलं तरी एरवी आम्ही ते मिटूनच ठेवतो. पण आज मन भरून आलंय. चार माणसांचे आभार मानल्याशिवाय मला राहवणार नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे शेवटच्या टेबलाशी एक बाई बसायची. प्रत्येक बॅगेची चेन ओढून बघायची, चाकांना हाताने गिरकी द्यायची. मला गिरकी देऊन ती म्हणाली, "जा, चांगल्या घरी पड." पहिले आभार तिचे, कारण मी खरोखरच चांगल्या घरी पडले.

दुकानात मला दोन बहिणींनी पाहिलं. थोरलीला सगळे ताई म्हणत आणि धाकटीला नुसतं धाकटी. आई लवकर गेल्यामुळे ताईनेच धाकटीला वाढवलं होतं, शिवणकामही तिनेच शिकवलं होतं. आता धाकटी लग्न होऊन दूर जाणार होती.

"लाल रंगात नाही का हो?" ताईने विचारलं. "आमची ही वेंधळी आहे. चारचौघांच्या सामानात स्वतःची बॅग ओळखायची नाही."

"ताई! मी काही इतकी..."

"इतकीच आहेस."

लाल संपल्या होत्या. मग घरी आल्यावर ताईने पिवळ्या फुलाफुलांच्या कापडाची एक पट्टी माझ्या मुठीला घट्ट बांधली. धाकटीने मशीनवर शिवलेल्या पहिल्या झग्यातलं ते उरलेलं कापड. झगा तिरका झाला होता म्हणे, पण कापड ताईने जपून ठेवलं होतं.

सुरुवातीला मी पुष्कळ हिंडले. मग धाकटीचं शिवणाचं काम वाढलं, ताई मुलीजवळ लांबच्या शहरात राहायला गेली, आणि मी कपाटावर चढले. माझ्या पोटात चिंध्या, जुनी बटणं, तुटलेल्या चेनी. वाईट वाटायचं. माणसं रोज हात लागणाऱ्या वस्तूचे लाड करतात तेवढे, वर ठेवलेल्या वस्तूचे करत नाहीत. पण धाकटी दिवसभर मशीन चालवायची, तो आवाज मला सोबत करायचा.

एके दिवशी ताईचा फोन आला. तिच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं.

"मी डॉक्टरांना सांगून ठेवलंय," ताई म्हणाली, "माझी धाकटी आल्याशिवाय मी आत जाणार नाही."

धाकटीने त्याच दिवशी मला खाली उतरवलं, चिंध्या ओतल्या, ओल्या फडक्याने पुसलं. मग ताईसाठी मऊ कापडाचा, पुढून उघडणारा, सैल गाऊन शिवायला बसली. टाके भरभर पडत होते आणि डोळे पुसायला ती मध्ये मध्ये थांबत होती.

ताईच्या मुलीने तिकीट काढलं. नव्या पद्धतीचं. आधी रेल्वे आणि पुढे विमान, पण तिकीट मात्र एकच. रेल्वेवाल्यांनी आणि विमानवाल्यांनी म्हणे हातमिळवणी केली होती. "मावशी, बॅग स्टेशनवरच द्यायची. ती पुढे थेट इथेच मिळेल. तू फक्त बसायचं आणि उतरायचं," ती म्हणाली.

आमच्या घोटाळ्याचं मूळ म्हणजे हेच सोपेपण.

स्टेशनवर सोडायला धाकटीचे दीर आले होते. माणूस फार मायेचा, पण मदत करायला लागला की थांबत नाही. मला सामानाच्या खिडकीवर दिलं, माझ्या कानाला चिठ्ठी अडकवली गेली, तेवढ्यात ते म्हणाले, "वहिनी, ओझं तर गेलं. आता रेल्वेत कशाला अंग आंबवताय? माझी मोटार आहे ना. विमानतळाच्या दारात सोडतो."

"नको हो भाऊजी, रेल्वेचं तिकीट आहे ना."

"तिकीट काय, विमानाचं महत्त्वाचं. चला!"

भाऊजींना नाही म्हणणं धाकटीच्या जिवावर येतं. ती गेली. मी इकडे मनात ओरडतेय, "अगं, माझ्याबरोबर चल!" पण मिटलेल्या तोंडाने ओरडून काय उपयोग?

मी शेवटच्या डब्यात, सामानाच्या फळीवर. समोरच तिकीट तपासनीसाची जागा होती. गाडी सुटल्यावर ते सगळ्या डब्यांतून फिरून आले आणि कंबरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिले.

"बॅग आहे, बाई कुठे?"

त्यांनी माझ्या चिठ्ठीवरच्या नंबरावर फोन लावला, स्पीकरवर ठेवला.

"काकू, मी रेल्वेचा तपासनीस. तुमची बॅग माझ्यासमोर आहे आणि तुमची जागा रिकामी. तुम्ही कुठे आहात?"

"मी? भाऊजींच्या मोटारीत. विमानतळावरच चाललेय की."

"अहो, मोठा घोटाळा झाला! एकच तिकीट आहे ना, मग ही रेल्वे म्हणजे तुमच्या विमानाचाच पहिला टप्पा. पहिल्या टप्प्याला गैरहजेरी लागली की विमानातली जागाही आपोआप रद्द. आणि मालक नसला की बॅगही जात नाही."

मागून भाऊजींचा आवाज आला. "वहिनी, ठेवा तो फोन! हल्ली असंच घाबरवून लुबाडतात. मी पेपरात वाचलंय."

धाकटी घुटमळली. फोन बंद होणार, मला कळलं. माझ्या पोटात ताईचा गाऊन होता.

तपासनीस फळीवर वाकले. "काकू, निळी बॅग. मुठीला पिवळ्या फुलांची चिंधी. गाठ अशी मारलीय की कुणाच्या बापाला सुटायची नाही."

पलीकडून धाकटी रडवेली होऊन म्हणाली, "ती ताईची गाठ आहे. भाऊजी, खरंच आहे हो हे!"

"तुम्ही कुठवर आलात?"

"रेल्वेच्या फाटकापाशी अडकलोय. कुठलीशी गाडी जायचीय."

"काकू, ती हीच गाडी! जंक्शन लागूनच पुढे आहे. तिथे आम्ही जरा थांबतो. जंक्शन सुटेपर्यंत गैरहजेरी लावायची नाही, एवढं माझ्या हातात आहे. पळत या!"

लगेच त्यांनी विमानतळावर फोन लावला. तिकडची मुलगी म्हणाली, "तुमच्या प्रवासी हरवल्या का? सांभाळा की नीट."

"तुमच्या नाही, आपल्या म्हणा. तिकीट एकच आहे ना?"

ती हसली. "बरं, आपल्या. बसल्या की मला कळवा, मी इकडे लक्ष ठेवते."

जंक्शन आलं. फळीवरून मला फलाटावरचं फारसं दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. चहावाल्याची हाक, दारं आपटणं, तपासनीसांची येरझार. शिट्टी झाली. आणि मग ओळखीच्या चपलांचा फटफटाट! तपासनीसांनी हात दिला आणि धाकटी थेट माझ्याच डब्यात चढली. मागून भाऊजी तिची पाण्याची बाटली नाचवत धावत होते.

"वहिनी, ताईंना यातलं काही सांगू नका हं!"

धाकटीने माझ्या मुठीवरच्या गाठीला हात लावला आणि ती हुंदके देत हसली. तपासनीसांचे हात धरून म्हणाली, "तुमचे उपकार..."

"उपकार कसले? आधी बसा, दम घ्या," ते म्हणाले.

पुढे विमानात ती वर, मी खाली. पोहोचलो तेव्हा दोघी एकाच दिवशी, एकाच शहरात होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आत गेली ती धाकटीचा हात सोडून, हसत.

ऑपरेशन नीट झालं. ताई आता तो सैल गाऊन घालून खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारते. भाऊजींचा किस्सा धाकटीने पहिल्याच दिवशी सांगून टाकला. "हसवू नकोस गं, टाके दुखतात," म्हणत ताई तोच पुन्हा पुन्हा सांगायला लावते.

माझं एक चाक आता कुरकुरतं. तक्रार नाही. कारखान्यातली बाई, तपासनीस, विमानतळावरची न पाहिलेली मुलगी आणि गाठ मारणारी ताई, या चौघांना माझा नमस्कार. आणि तुम्हाला हात जोडून सांगते, असं जोडतिकीट काढलंत तर पहिल्या टप्प्यापासून बसा. कुणी कितीही मायेने मोटारीत बोलावलं तरी.

काल धाकटीने परतीसाठी मला बाहेर ओढलं. ताई म्हणाली, "बॅग इथेच ठेवून जा. म्हणजे परत यावं लागेल तुला."

"चालत नाही ताई. बॅग आणि बाई वेगवेगळ्या जात नाहीत, असा नियम आहे."

ताईने पायाने मला हळूच पलंगाखाली ढकललं.

"मग दोघी राहा अजून."