पट्टीवरचं नाव

सायकल गल्लीत शिरली तेव्हा मी लेथवर होतो. आवाज ऐकला आणि मशीन बंद केलं. मोटरची ती बारीक गुणगुण आणि मागच्या चाकाची कटकट गेलं दीड वर्ष मला रोज ऐकू येत होती. दर वेळी मान वर करून पाहावं, तर गल्लीत कुत्रंही नसायचं. या वेळी सायकल खरोखरच होती. हर्षलची निळी, जाड टायरांची, डोंगरात चालवायची बॅटरीवरची सायकल. हँडलला दोन रिकाम्या किटल्या बांधलेल्या, आणि वर हर्षलसारखीच मान एका बाजूला कलवून बसलेला माणूस. माझ्या हातातला माप घ्यायचा व्हर्नियर खाली पडला. चाळीस वर्षांत तो कधी पडला नव्हता.

माणूस उतरला. डोक्यावर टोपी, धुऊन धुऊन विरलेला पायजमा, वय माझ्याच आसपास.

"डेव्हिड मिस्त्री तुमीच ना? मी हर्षलचा वडील, गहिनीनाथ."

पारनेरकडून दुधाच्या टेम्पोत सायकल घालून ते नगरला आले होते आणि नाक्यापासून ती चालवत माझ्या दुकानापर्यंत पोचले होते. मी स्टूल पुढे केलं. पाणी विचारायचं राहूनच गेलं.

हर्षल सुप्याच्या एका कंपनीत कामाला होता आणि रविवारी डोंगर तुडवायचा. अडीच वर्षांपूर्वी तो माझ्याकडे आला, तो सायकलचं मागचं बूड खाली बसतं म्हणून. मागची चौकट आणि शॉकअप यांना जोडणाऱ्या दोन पट्ट्या असतात. कंपनीच्या पट्ट्या किरकोळ, त्यात प्लास्टिकचे बुश. पुण्यातल्या दुकानदारांनी हात वर केले होते. आता मी काही सायकलवाला नाही. पंपाचे शाफ्ट आणि पिठाच्या गिरणीची कामं करणारा टर्नर. पण एखादी गोष्ट होणार नाही असं कोणी म्हटलं की मला अन्न गोड लागत नाही. मी ॲल्युमिनियमच्या नव्या पट्ट्या केल्या, बुशच्या जागी बेअरिंग बसवले, एक भोक चार मिलीमीटर सरकवलं. पोरगा एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "काका, खड्डे कुठं गेले?" त्या दिवशी मी घरी जेवताना दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

आणि पट्टीवर मी माझं नाव ठोकलं. माझ्या हातून गेलेल्या प्रत्येक वस्तूवर इंग्रजी डी आणि शेजारी बारीक क्रूस असतो. माझ्या उस्तादांची ही शिस्त. काम बिघडलं तर कोणाच्या दारात जायचं हे गिऱ्हाइकाला कळलं पाहिजे, असं ते म्हणायचे. शाफ्टवर मी नाव टोकाला ठोकतो, कोणाला दिसत नाही. या पट्टीवर मात्र मधोमध ठोकलं, जिथे ती सगळ्यात निमुळती होती, कारण तिथे ते येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत होतं. मला मिरवायचं होतं, दुसरं काही नाही.

वर्षभराने याच सायकलवरून डोंगर उतरताना हर्षल ओढ्यात पडला आणि जागीच गेला. मी पेपरात वाचलं. दहाव्याला जायला हवं होतं. दयाने, माझ्या बायकोने, शर्टाला इस्त्री करून तो खुंटीला लावला. मी म्हणालो, दुकानात फार निकडीचं काम आहे. तीस वर्षांच्या संसारानंतर माझं खोटं तिला चेहऱ्यावरून कळतं. शर्ट आठवडाभर खुंटीला लटकत होता. त्यानंतरच ती गुणगुण ऐकू यायला लागली.

गहिनीनाथ मात्र अगदी साध्या कामासाठी आले होते. सायकल कुणीतरी कंपनीच्या जुन्या पट्ट्या घालून उभी करून दिली होती. ते तिच्यावरून रोज डेअरीला दूध घालायचे आणि भरल्या किटल्यांनी मागचं चाक घासायचं.

"पोराची सायकल. इकवत न्हाई अन उभी बघवत बी न्हाई," ते म्हणाले. "तुमी पहिली केलती तशीच पट्टी करून द्या. नमुना आनलाय."

त्यांनी पिशवीतून फडकं काढलं आणि फडक्यातून माझी पट्टी. दोन तुकडे झालेले. पडल्यावर तुटली, असं ते म्हणाले.

मी ते तुकडे दारात उजेडाला नेले. तुटलेली कड कशी वाचायची हे टर्नरला शिकवावं लागत नाही. कडेचा एक तृतीयांश भाग चकचकीत आणि रवाळ होता, तो त्या दिवशी तुटलेला. बाकीचा मळकट, काळपट, वळ्यावळ्यांचा. ती चीर आठवडेच्या आठवडे आत सरकत होती, आणि ती जिथून निघाली होती तिथे माझ्या डीचं पोट होतं. हर्षल पडला म्हणून पट्टी तुटली नव्हती. आधी पट्टी तुटली होती. पातळ ॲल्युमिनियमवर पंच मारायचा नाही, त्या खुणेतूनच चीर निघते, हे मी स्वतः दुकान काढण्याआधी कंपनीत पंचवीस वर्षं दुसऱ्यांना बजावत आलो होतो.

मी तुकडे फळीवर ठेवले आणि माप घ्यायला बसलो. माणूस भेदरला की हाताला काम शोधतो, तसं माझं झालं.

या वेळी जाड प्लेट घेतली. निमुळता भाग रुंद ठेवला, कडा कानशीने गोल करत बसलो. गहिनीनाथ स्टुलावर बसून बोलत होते. आधी गाईंचं, मग पावसाचं, मग आवाज न बदलता हर्षलचं. त्या सकाळी विहिरीवरची मोटर चालू केली का, एवढं विचारायला त्यांनी फोन लावला होता. लोक ओढ्यात पोचले तेव्हा फोन वाजतच होता, पाठीवरच्या पिशवीत, चेन लावलेल्या कप्प्यात.

"तो घ्यायला त्यानं हात मागं नेला आसंल," गहिनीनाथ म्हणाले. "म्या मारला त्याला. आमची मंडळी तवाच म्हनली, तुमच्या फोननं गेलं लेकरू. त्या दिसापासनं माझ्याशी बोलली न्हाई. भाकर म्होरं ठिवती अन जाती."

कानस माझ्या हातात थांबली. मग पुन्हा चालू केली. लाज वाटते सांगायला, पण मनात आलं की हे असंच राहिलं तरी माझं काही बिघडत नाही. त्यांनी दोष स्वतःच्या डोक्यावर घेतलाच आहे, आणि तुकडे भंगारात टाकले की झालं. दुपारपर्यंत मी हाच विचार करत बेअरिंग बसवले, पट्ट्या जोडल्या, बोल्ट आवळले. सायकल दाबून पाहिली. मागचं बूड हळू खाली गेलं आणि हळूच वर आलं. काम झकास झालं होतं.

गहिनीनाथ वाकले आणि पट्टीवरून अंगठा फिरवू लागले. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने.

"नाव न्हाई टाकलं?"

"नको," मी म्हणालो.

"टाका की. पोरगं समद्यांना दावायचं. माझ्या काकानं केलीया म्हनायचं."

मग मला राहवलं नाही. मी तुटके तुकडे फळीवरून आणले, त्यांच्या हातावर ठेवले आणि सगळं सांगितलं. काळा भाग कुठला, चकचकीत कुठला, चीर कुठून निघाली. फोन वाजला नसता तरी त्या उतारावर पट्टी तुटणारच होती, हेही. माझं नाव ठोकल्यामुळे तुमचा मुलगा गेला, असं मी सरळ म्हणालो. म्हणताना आवाज माझा वाटत नव्हता.

ते दुकानातून उठले, गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि तिथे पाठ करून उभे राहिले. मी वाट पाहत होतो. त्यांनी येऊन मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ते परत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते, पण आवाज साधा होता.

"हे तिला सांगायला पायजे. माझं ती ऐकायची न्हाई. तुमी चला."

मी दुकान बंद केलं. दूध उतरवून परत निघालेल्या टेम्पोत सायकल आडवी घातली आणि आम्ही दोघं मागे तिला धरून बसलो. टेम्पो पारनेरच्या रस्त्याला लागला. दीड वर्षांपूर्वी याच रस्त्याने जायचं होतं, एवढंच मला सारखं आठवत होतं.

घर शेतातच होतं. हर्षलची आई, चांगुणाबाई, ओसरीवर बाजरी पाखडत होत्या. गहिनीनाथ अंगणातच थांबले, परक्या घरी थांबतात तसे. मी ओसरीच्या खाली उभा राहून कोण ते सांगितलं आणि मग बाकीचं सांगितलं. सूप कधी थांबलं ते मला कळलं नाही. तुकडे मी पुढे केले. त्यांनी हात लावला नाही.

त्यांनी विचारलं, "तुटताना त्याला कळलं आसंल का, भाऊ?"

"मला माहीत नाही, वहिनी," मी म्हणालो. दुसरं काही बोलता आलं असतं. पण सकाळी गप्प राहिलो होतो, तेवढं खोटं एका दिवसाला पुरे होतं.

त्या उठून आत गेल्या. मला कोणी बस म्हणालं नाही आणि मी त्याची अपेक्षाही केली नव्हती. तुकडे ओसरीच्या कडेला ठेवून मी फाटकाकडे वळलो. मागे तांब्याचा आवाज झाला.

"हातपाय धुवा," चांगुणाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "सकाळपासनं उपाशीच आसताल."

अंगण काही मोठं नव्हतं. फाटकापाशी मला जे स्पष्ट ऐकू आलं, ते चार पावलांवर उभ्या असलेल्या त्यांच्या नवऱ्याला ऐकू आलं नसेल हे शक्य नव्हतं. तरी गहिनीनाथ म्हणाले, "काय म्हनलीस?"

"हातपाय धुवा म्हनलं."

मी फाटक आवाज न करता ओढून घेतलं.