शोधनिबंध छापून येईपर्यंत

शर्टाची बाही मशीनवर अर्धवट सोडून भिंगरीची आई लेकीला घेऊन शाळेत आली. विद्यापीठाची मंडळी दुसऱ्यांदा रक्त घ्यायला बसली होती. भिंगरीचा बाप जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायच्या कारखान्यात कामाला. वस्तीतल्या पोरांच्या अंगात ते शिसं किती जातं, याचा हा अभ्यास. पहिलं रक्त नेऊन वर्ष होत आलं, आणि निकालाचा पत्ता नाही! इकडे भिंगरी नावाचीच भिंगरी उरली होती. पोर बसल्या जागी पेंगायची, पोट धरून रडायची.

"आधी मागच्या वेळचं सांगा, मग सुई लावा," आई म्हणाली आणि तिने लेकीचा दंड घट्ट धरला.

समोरच्या संशोधक बाईला तो आकडा पाठ होता. भलताच जास्त होता. पण शेजारी तिचे प्राध्यापक बसले होते आणि त्यांचा दंडक होता, की शोधनिबंध छापून येईपर्यंत वस्तीत ब्र काढायचा नाही. बाईची नोकरी कायम होणार होती ती त्याच निबंधावर. वस्तीत घालवलेल्या दिवसांना विद्यापीठात कोण विचारतो? तिथे मोजतात छापलेली पानं. वा रे न्याय!

विज्ञानाला वेळ लागतो, ताईंनी जरा सहकार्य करावं, असं प्राध्यापकांनी गोड आवाजात समजावलं. ताई जागच्या हलल्या नाहीत. बाकीच्या आयाही आपापली पोरं जवळ ओढू लागल्या.

बाईने सुई खाली ठेवली.

"ताई, हिच्या अंगात शिसं खूप आहे. आजच हॉस्पिटलात न्या. कारखान्यातलं काही घरी येतं का?"

"काही नाही. ह्यांचे कपडे तेवढे. रोज हीच झटकते दारात. पोरीला कामाचं वळण लागावं म्हणून मीच सांगितलंय."

प्राध्यापकांनी बाईला बाहेर बोलावलं. ती उठली नाही.

"तुम्हाला कधी कळलं?" आईने विचारलं.

"पहिल्याच महिन्यात."

आई रडली नाही की ओरडली नाही. "म्हणजे मी लेकीला विष झटकायला लावत होते आणि तुम्ही ते मोजत होतात," एवढंच म्हणाली, आणि भिंगरीला कडेवर घेऊन हॉस्पिटलच्या वाटेला लागली.

बाईने डोळे पुसले, पुढच्या आईला जवळ बसवलं आणि तिच्या मुलाचा आकडा सांगितला. मग तिसरीला, मग चौथीला. प्राध्यापक निघून गेले तरी ती सांगतच राहिली.

ही हकीकत ऐकून विद्यापीठातले लोक मला विचारतात, बाईच्या नोकरीचं पुढे काय झालं? भिंगरीचं काय झालं, हे त्यांच्यापैकी एकानेही अजून विचारलेलं नाही.