दोन उशांमधली वीट

हॉटेलच्या तळघरात धुलाईखातं होतं. तिथले जुने सुपरवायझर निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीवर इस्त्रीमास्तरांना बसवण्यात आलं. कारण एकच. मास्तरांच्या हातून आजवर एकही कापड जळलं नव्हतं. माणसं सांभाळण्याचा अनुभव आहे का, असं विचारल्यावर त्यांनी घरी बायको आणि मुलगी आहे असं सांगितलं. तिथे कोण कुणाला सांभाळतं, हे कुणी विचारलं नाही.

खुर्ची मिळाली तरी मास्तरांचे हात शिवशिवायचे. कुणाच्या टेबलावर चादरीला जराशी सुरकुती दिसली की "आण इकडे" म्हणत ते इस्त्री काढून घ्यायचे. आठवडा संपेपर्यंत अख्खं खातं भिंतीला टेकून चहा पीत होतं आणि साहेब एकटे घाम गाळत होते.

संध्याकाळी ते खांदा शेकत बसले तेव्हा मुलीने विचारपूस केली. ती एका विमा कंपनीत विभागप्रमुख होती.

"बाबा, तुम्ही साहेब झालात की सगळ्यांचे गडी? ज्याची चूक त्याला सांगा ना."

"वाईट वाटतं गं त्यांना."

"मग दोन उशांच्या मधे वीट ठेवून द्यायची. आधी काहीतरी चांगलं बोलायचं, मग चूक, मग परत चांगलं. लागत नाही."

मास्तरांना ते इतकं पटलं की जेवताना त्यांनी लगेच प्रयोग केला. "तुझा आवाज फार गोड आहे," ते बायकोला म्हणाले. "भाजीत मीठ नाही. आवाज खरंच गोड आहे." बायकोने मीठ काही दिलं नाही, पण त्यांचं ताट रिकामं होईपर्यंत गाणी म्हटली.

यातून शहाणं व्हायचं सोडून मास्तर दुसऱ्या दिवशी ढब्बूकडे गेले. ढब्बू धुलाईची मोठी यंत्रं चालवायचा. त्याने पांढऱ्या नॅपकिनांबरोबर लाल पडदा धुतला होता.

"भांग काय सुरेख पाडलायस," मास्तर म्हणाले. "नॅपकिन सगळे गुलाबी झालेत. भांग मात्र अगदी सरळ."

ढब्बूच्या अंगावर मूठभर मांस चढलं. साहेबांना आपले केस आवडतात, ही बातमी त्याने चहाच्या वेळेपर्यंत सगळ्यांना दिली. दुसऱ्या दिवशी तो केसांना तेल लावून, कोंबडा काढून आला आणि त्याने टेबलक्लॉथही गुलाबी केले.

घड्या घालणाऱ्या मावशींनी मात्र हा डाव लगेच ओळखला. मास्तरांनी त्यांच्या चपलांचं कौतुक सुरू केलं तशा त्या म्हणाल्या, "चपला राहू द्या, मधलं बोला."

"टॉवेलांच्या कडा जुळत नाहीत," मास्तर पुटपुटले.

"जुळवते. आता चपलांचं बोलायचं असेल तर बोला."

मावशींनी खरोखर कडा जुळवल्या. दोन दिवसांनी टॉवेलांची ती चळत पाहून मास्तर थबकले. विटेसारखी ताठ, कुठे एक धागा बाहेर नाही. त्यांच्या तोंडून मनापासून निघून गेलं, "मावशी, अशी घडी मला जन्मात जमली नसती." आणि ते पुढे गेले.

मावशी मधल्याची वाट पाहत राहिल्या. मधलं आलंच नाही. दुपारी त्यांनी मास्तरांना गाठलं.

"काय ते सांगून टाका."

"काही नाही हो."

"बोलवत नाही म्हणजे फारच वाईट असणार." त्या एप्रनची गाठ सोडायला लागल्या.

मावशींना काढणार ही वार्ता यंत्रांपर्यंत पोचली. ढब्बूने बटणं बंद केली, इस्त्र्या थंड झाल्या. सगळे मावशींच्या मागे हाताची घडी घालून उभे राहिले. वरून स्वच्छ चादरींसाठी फोन वाजत होता, तो कुणी उचलेना.

मास्तरांची पाचावर धारण बसली. कपड्यांची एक टोपली पालथी घालून ते तिच्यावर चढले. टोपली वेताची होती, त्यामुळे पुढचं सगळं त्यांना हळूहळू खचत बोलावं लागलं.

"कुणालाही काढत नाहीये. मावशींची घडी चांगली आहे म्हणून चांगली म्हटलं, त्याच्या मधे काही नाही आणि मागेही काही नाही. यापुढे चांगलं ते चांगलं म्हणेन, चुकलं ते चुकलं म्हणेन, दोन्ही वेगवेगळ्या वेळी."

"आणि भांग?" ढब्बूने काळजीने विचारलं.

"भांग ठीक आहे. नॅपकिन तू बिघडवलेस."

"मी?" ढब्बू चाट पडला. "मला वाटलं, गुलाबीच मागवलेत. आधी नाही का सांगायचं?"

मास्तरांनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात टोपलीचा तळ गेला आणि ते कमरेपर्यंत आत उतरले. दोघांनी खांद्याला धरून त्यांना उपसून काढलं. मग मास्तरांनी ढब्बूला यंत्रापाशी नेलं, पांढरं आणि रंगीत वेगळं कसं करायचं ते दाखवलं, आणि पुढचा ढीग त्याला एकट्याला करू दिला. ढब्बूने जांभळा मोजा हातात घेऊन बराच विचार केला. मास्तरांनी ओठ दातांखाली दाबून धरले. मोजा रंगीतांत पडला.

हात आवरेनात म्हणून त्यांनी ते खिशात कोंबले आणि तसेच टेबलांमधून फिरत राहिले. थोड्या वेळाने हॉटेलचे मॅनेजर खाली उतरले. सगळे कामाला लागलेले, फक्त सुपरवायझर खिशात हात घालून उभे.

"तुम्ही काय करताय?" मॅनेजरांनी विचारलं.

"फार अवघड काम करतोय साहेब," मास्तर म्हणाले. त्या क्षणी पलीकडच्या टेबलावर कुणीतरी उशीचा अभ्रा उलटा इस्त्री करत होतं.